अकराव्या पानावरचा भात

“ठार मारायचंच मनात होतं, तर मग राजाला वाईट कशाला वाटलं?” व्हिटमोर साहेबाने असं विचारलं आणि खडू फळ्याला टेकवून तो वर्गाकडे बघत हसला. महिपतच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तिथे. आता तसा प्रश्न काही वावगा नव्हता. पण रविवारची दुपार, चैत्रातलं रत्नागिरीचं ऊन, मिशनच्या त्या लांबट खोलीत वीस-पंचवीस माणसं घामाने निथळत बसलेली, आणि साहेब मात्र आताच विहिरीवरून न्हाऊन आल्यासारखा ताजा. वय जेमतेम तिशीचं. रत्नागिरीच्या बंदरात उतरून त्याला पुरते चार महिने झाले नव्हते. मराठी शिकला होता पुण्याच्या कुणा शास्त्रीबुवांकडे, त्यामुळे तोंड उघडलं की ‘बंधूंनो’, ‘तात्पर्य’ आणि ‘निष्कर्ष’. आणि अशा माणसाने यावं आणि सत्तेचाळीस वर्षांच्या हेडमास्तरला, जो याच खोलीत अक्षरं गिरवून मोठा झाला, बायबलातल्या मत्तयाने चोरून लिहिलं म्हणून सांगावं! ‘चोरून’ हा शब्द साहेबाने वापरला नव्हता, हे खरं. तो ‘आधार घेतला’ म्हणाला होता. पण महिपत अठ्ठावीस वर्षं पोरांच्या वह्या तपासत आला होता. शेजारच्याच्या पाटीचा आधार कसा घेतात ते त्याला कुणी शिकवायला नको होतं.

फळ्यावर साहेबाने तीन खाने आखले होते. मत्तय, मार्क, लूक, प्रभूचं चरित्र लिहिणारे तिघे. जर्मनीतल्या पंडितांनी म्हणे शंभर वर्षं यावर डोकं खाजवलं. जुन्या धर्मगुरूंचं म्हणणं, मत्तय पहिला, आणि मार्कने त्याचं आटोपशीर टिपण केलं. नव्या पंडितांचं म्हणणं नेमकं उलटं. मार्क पहिला, कारण मार्क ओबडधोबड. त्याच्यात अडचणीच्या गोष्टी जागच्या जागी आहेत. प्रभूची घरची माणसं म्हणतात याचं डोकं फिरलंय, आई बाहेर उभी राहून निरोप पाठवते. बाकीच्या दोघांनी ती घरच्यांची बोलणी गाळून टाकली. “चांगलं असेल ते कुणी मुद्दाम बिघडवून लिहीत नाही,” साहेब म्हणाला, “पण बिघडलेलं असेल ते सारवून लिहायचा मोह सर्वांना होतो.” आणि मग त्याने तो हेरोद राजा काढला. मार्कमधल्या राजाला कैदेतल्या योहान संदेष्ट्याचं बोलणं ऐकायला आवडतं. योहानाच्या जिवावर उठते ती राणी. राजा शपथेत अडकतो, त्याला मारावं लागतं, म्हणून वाईट वाटतं. मत्तयाने राजालाच खुनशी केला. तोच मारायला टपलेला. आणि चार ओळींनी बघावं तर राजा दुःखी! “दुःख कुठून आलं? मार्कच्या कागदावरून आलं. मत्तयाने सुरुवातीचं बदललं, बदलता बदलता थकला, आणि पुढचं दुःख तसंच राहून गेलं.” एवढं सांगून साहेब आणखी एका कागदाबद्दल बोलू लागला. मत्तय आणि लूक या दोघांसमोर प्रभूच्या वचनांचा म्हणे एक कागद होता, तो आता जगात कुठेही नाही, पण तो होता हे सिद्ध करता येतं. नसलेला कागद सिद्ध करता येतो! महिपतने शेजारी बसलेल्या रघू कंपाउंडरकडे पाहिलं, म्हणजे दोघांनी मिळून जरा नाक मुरडता आलं असतं. पण रघू तोंड उघडं टाकून ऐकत होता. त्याला मजा येत होती.

इथवर झालं ते महिपतने गिळलं असतं. पोटाची गोष्ट होती, आणि साहेब येतात नि जातात, प्रत्येक जण येताना काहीतरी नवीन घेऊन येतो. एकाने बटाटे आणले होते, एकाने बाजाची पेटी. पण व्हिटमोर साहेबाने मेजावरून एक पातळसं पिवळं पुस्तक उचललं. ‘रावजी शिवगण यांचे चरित्र’. सोळा पानं. मिरजोळ्याच्या पहिल्या ख्रिस्ती माणसाचं, महिपतच्या बापाचं. लेखक म्हणून ‘एक ख्रिस्ती बंधू’ एवढंच छापलेलं. “आपल्या घरचंच उदाहरण घेऊ,” साहेब मोठ्या उत्साहाने म्हणाला. “पान तीन. रावजीने प्रभूला स्वीकारलं त्या दिवशी त्याच्या पाषाणहृदयी पत्नीने दार लावून घेतलं, आणि पुन्हा कधीही त्याची वास्तपुस्त केली नाही. कधीही नाही, हं. आता पान अकरा. रावजीला हिवताप भरला असता गडग्यावरचा भात खाऊन त्याने दिवस काढले.” साहेबाने पुस्तक मिटलं. “गडगा म्हणजे जांभ्या दगडाचं कुंपण. त्याच्यावर भात उगवत नाही. मग हा भात कुणाचा?” रघू कंपाउंडर खो खो हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी ‘खरंच की’ म्हणालं. साहेब महिपतकडे वळला. त्याच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, हीच तर चीड आणणारी गोष्ट होती. “मास्तर, आपण त्यांचे चिरंजीव. आपल्याला ठाऊक असेल. कुणाचा होता तो भात?” बावीस वर्षं ते पुस्तक लोकांच्या घरात होतं. शाळेत वाचलं जात होतं, नाताळात वाटलं जात होतं. कुणाच्याही दाताखाली तो खडा आला नव्हता. “माहीत नाही,” महिपत म्हणाला. आपला आवाज इतका सरळ कसा निघाला याचंच त्याला नवल वाटलं.

वर्ग सुटल्यावर साहेबाने त्याला थांबवून घेतलं आणि कागदांची एक गुंडाळी हातात दिली. मुंबईच्या छापखान्यातून आलेली प्रुफं. पुढच्या महिन्यात मिशनला पन्नास वर्षं पूर्ण होणार, त्या समारंभाला रावजीचं चरित्र नव्याने पाचशे प्रती छापायचं ठरलं होतं, आणि मिरजोळ्याच्या शाळेत सगळी वाडी जमवून ते मोठ्याने वाचायचंही. “उद्याच्या बोटीने प्रुफं परत जायला हवीत. माझी मराठी अशी, आपणच तेवढी दुरुस्ती करा,” साहेब म्हणाला. “तिसऱ्या पानावरचं दार उघडा, नाहीतर अकराव्या पानावरचा भात काढून टाका. दोन्ही एका पुस्तकात राहू शकत नाहीत. लेखकासमोर आधीचा एखादा कागद असला पाहिजे, मास्तर. तो मिळाला तर किती छान होईल.” महिपतने गुंडाळी कोटाच्या खिशात कोंबली आणि मान डोलावली. तो कागद साहेबाला मिळणार नव्हता. बावीस वर्षांपूर्वी महिपतने तो चुलीत घातला होता, आणि चिमाने, त्याच्या बायकोने, त्या जाळावर चहाचं आधण ठेवलं होतं.

घरी जायला वळायचं तिथे तो वळलाच नाही. चिमाने भाकऱ्या झाकून ठेवल्या असतील, वाट बघत असेल, बघू दे. चढाव चढून तो सड्यावर आला. डोक्यावर ऊन, पायाखाली काळा कातळ तापलेला, झाड म्हणायला एक नाही, आणि लांबून काजूच्या बोंडांचा तो आंबूस वास. भात काढून टाकायचा. एक ओळ. शिसपेन्सिलीची एक रेघ आणि संपलं. मग कुणी साहेब येवो की साहेबाचा बाप येवो, सोळाच्या सोळा पानं गुळगुळीत. त्याला राग आला होता तो साहेबाचाच, असं तो अर्धा सडा तुडवेपर्यंत स्वतःला सांगत राहिला. ह्यांचं काय जातं? ह्यांनी आधी सांगायचं, हे असंच आहे, यावर विश्वास ठेवा. विश्वासापायी माणसांनी भावकी सोडायची, शेत सोडायचं, आणि पन्नास वर्षांनी ह्यांनीच खडू घेऊन यायचं आणि म्हणायचं, बंधूंनो, इथे जरा जोड दिसतो आहे. पण राग असा एका जागी थांबेना. तो साहेबावरून घसरून हॉल्डन साहेबावर गेला. तो म्हातारा, पांढऱ्या दाढीचा. बाप मेला त्याच्या दुसऱ्या वर्षी त्याने महिपतला बोलावून बापाचा जुना जबाब पुढे ठेवला होता. मिशनच्या पंडिताने रावजीच्या तोंडून उतरून घेतलेला. चार बंद, मोडीत, शाईचे डाग पडलेले. “हे जसंच्या तसं कसं छापायचं?” हॉल्डन साहेब म्हणाला होता. “तू शिकलेला आहेस. नीट कर.”

जसंच्या तसं छापण्यासारखं नव्हतंच ते. बापाने सांगितलं होतं: मी दोनदा माघारी गेलो. पंचांच्या पाया पडलो, मला परत घ्या म्हणालो. घेतलं नाही, म्हणून मिशनात राहिलो. हौसाने दार लावले. मग रोज दुपारी माझ्यासाठी गडग्यावर भात ठेवी. मी आठ दिवस शिवलो नाही. नवव्या दिवशी खाल्ला. भूक लागली होती हे खरे. हे असलं! पंचवीस वर्षांच्या महिपतने ते वाचलं तेव्हा कानशिलं तापली होती त्याची. हा आपला बाप? पुढे सगळ्या मिशनात ज्याच्या नावाने गाणी म्हणत होते तो हा? मग त्याने बसून नीट केलं. माघारी जाणं काढलं. पंचांच्या पाया पडणं काढलं. आणि हौसाला, आपल्या आईला, पाषाणहृदयी केलं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हॉल्डन साहेबाने आईचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. तो शब्द महिपतने आपल्या हाताने शोधला, आणि लिहिल्यावर त्याला बरं वाटलं होतं. अंगातून ठसठसणारा काटा निघावा तसं. मग आठ पानं झरझर झाली, हात दुखायला लागला, बाहेर शाळेची घंटा झाली, आणि हिवतापाच्या हकिकतीपाशी तो जबाबावरून नुसता उतरत गेला. भात तिथे होता, तो तसाच आला. थकला. मत्तयासारखाच थकला. सड्यावर एकट्याने चालता चालता महिपतने एक शिवी हासडली, ती कुणाला ते त्याला नक्की ठरवता आलं नाही.

खरं म्हणजे भात त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. पाच वर्षांचा होता तो. बाप घर सोडून निघाला तेव्हा पोराला बखोटीला धरून घेऊन निघाला. वंशाचा दिवा, बापाचा पोर, बापाबरोबर जाणार. त्यात कुणाला बोलायला जागा नव्हती. मिशनने शिवगणांच्या शेताला लागून शाळेसाठी एक खोपट बांधलं होतं, तिथे दोघे अकरा महिने राहिले. मधे गडगा. गडग्याच्या पलीकडे त्यांचंच शेत, शेताच्या टोकाला त्यांचंच घर, आणि घराला टाळं नव्हतं तरी ते आता बंद होतं. दुपारी वाडी जरा लवंडली की आई यायची. हातात केळीचं पान. ते गडग्यावर ठेवायची, कावळ्यांनी ओढू नये म्हणून कडेवर दगड ठेवायची आणि मागे फिरायची. हाक नाही, वळून बघणं नाही. गडगा ओलांडून शिवली असती, तर भावकीने तिलाही बाहेर काढलं असतं. पोर खोपटाच्या दारात उभं राहून बघायचं. पानावरून वाफ निघायची, आणि त्या वाफेचा वास महिपतला अजून येत होता, इथे, या भर उन्हात. वालयच्या तांदळाचा लाल भात. एकदा तो धावला होता पानाकडे. बापाने मागून दंड धरला. “शिवू नको. देवाला दाखवलेलं असतंय ते. आपल्याला चालत नाय.” मग बाप ते पान उचलून खोपटामागे काजूखाली टाकायला न्यायचा. टाकायला. आणि पोराला मिशनची नाचणीची आंबील, तीही बेताची. पुढे जबाब वाचला तेव्हा महिपतला कळलं बाप काजूखाली काय करायचा. पण गंमत बघा, बापाचा राग त्याला आला नाही. भुकेलेला माणूस होता, नवऱ्यासाठी बायकोने ठेवलेला भात, खाल्ला. राग आला तो तिचा. नवऱ्यासाठी रोज रांधून आणत होती. आणि दारात उभं असलेलं पोर तिला कधी दिसलं नाही? अकरा महिन्यांत एकदा ‘बाला’ म्हणून हाक मारायला तोंड झिजत होतं?

ही खरी गोम होती. साहेबाने अजाणता नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं. भात काढायचा म्हणजे तिचं एकमेव चांगलं काम पुसायचं. दार उघडायचं म्हणजे आपण बावीस वर्षं आईविषयी खोटं छापलं हे गावासमोर कबूल करायचं. आणि ते तरी का करायचं? तिने काय केलं होतं त्याच्यासाठी? आजही तो वर्षातून दोनदा मिरजोळ्याला जायचा, गणपतीनंतर आणि शिमग्याच्या आगेमागे, तिला लुगडं न्यायचा, आणि ती त्याला अंगणातसुद्धा बोलवायची नाही. पुतण्याचं घर, त्याची पोरंबाळं, सोयरीक जुळवायची, नको उगाच बोलणं. तो गडग्यापाशी उभा राहायचा आणि ती त्याला करवंटीतून चहा द्यायची. हेडमास्तर शिवगण! कलेक्टर कचेरीत ज्याला खुर्ची देतात, त्याने आईच्या हातचा चहा करवंटीतून प्यायचा आणि करवंटी स्वतःच फेकून द्यायची. दर वेळी परत येताना तो दात-ओठ खात यायचा आणि चिमाला म्हणायचा, आता पुन्हा पाय ठेवणार नाही. चिमा म्हणायची, बरं. आणि शिमगा आला की लुगडं आणून ठेवायची. दुष्काळात मिशनच्या अनाथघरात वाढलेली चिमा. तिला कुणाची आई कशीही असली तरी नवल वाटायचं.

मिरजोळ्याचा उतार लागला तेव्हा उन्हं कलली होती आणि त्याच्या ध्यानात आलं की आपण आलो ते ठरवूनच आलो. भांडायला आलो. खोपट केव्हाच पडलं होतं, शाळा आता पलीकडे चिऱ्यांची झाली होती, पण गडगा होता तसा होता. आई शेतात आंब्याखाली बसून कोकमं फोडत होती. सत्तरी गाठलेली. डोळ्यांत फूल पडलेलं. पण पायरवावरून ओळखलं तिने.

“बाला? आज कसा काय आलास? आता शिमग्याला तर येऊन गेलास.”

“विचारायचंय,” महिपत म्हणाला. आवाज चढाच निघाला. “आमच्या पुस्तकात तुझ्याबद्दल लिहिलंय. परत छापतायत.”

“ठावं हाय मला. दार लावलान म्हणून लिवलंय.” लाल झालेले हात तिने पदराला पुसले. “शाळंतला मास्तर वाचून दाखवलान मागं. तूच लिवलंस म्हनला. माझा पोर बुक लिवतो म्हणून त्येला मी चार आंबे दिले.”

एखाद्याने भांडायला कंबर कसून यावं आणि समोरच्याने चार आंब्यांची गोष्ट सांगावी! महिपतला कळेना आता कुठल्या बाजूने ओरडावं. “तुला राग नाही आला?” तो जवळजवळ खेकसला.

“दार लावलंच होतं की. ओसरीवर भावकी बसलेली, दीर बसलेला. न लावून काय करते मी?” मग थोडं थांबून ती म्हणाली, “एकच वाईट वाटलं. भाताचं नीट लिवलं नाय तू.”

“काय नीट नाही? बापूस आजारात तुझा भात खाऊन जगला, आहे तसं. नवऱ्यासाठी भात ठेवत होतीस, ते आहे त्यात.”

“नवऱ्यासाठी?” म्हातारी हसली. दात नव्हते तोंडात. “त्येच्यासाठी कशाला ठेवीन? तो आपल्या पायानं ग्येला. मिशनवाले देत होतेच त्येला. मी तुझ्यासाठी ठेवायची. पाच वरसाचा पोर माझा, त्येला ती आंबील घालीत होते. एवढंसं पान असायचं, दिसलं नाय तुला? पोराच्या पोटाएवढंच आणायची. जास्ती तांदूळ काढला तर जाऊबाय वळखील म्हणून माझ्या ताटातला.”

महिपत गडग्याला धरून उभा राहिला. चिरा अजून दुपारचा तापलेला होता, हात भाजत होता, पण त्याने काढला नाही. एवढंसं पान. खरंच, एवढंसंच असायचं ते. सत्तेचाळीस वर्षांचा झाला, शिकला, तीन खान्यांवरून साहेबावर चिडून इथवर आला, आणि पानाचा आकार त्याने कधी मोजला नव्हता. बापाने जबाबात सांगितलं ते खोटं. जबाबावरून त्याने लिहिलं ते त्याहून खोटं. आणि मुळात जिला विचारायला हवं होतं ती इथे सड्यापलीकडे तासाभराच्या वाटेवर कोकमं फोडत होती, तिला पंडिताने विचारलं नाही, हॉल्डन साहेबाने विचारलं नाही, आणि पोटच्या पोराने तर नाहीच. आणि बाप! ‘देवाला दाखवलेलं असतंय ते.’ पोराच्या तोंडातला घास, अकरा महिने, देवाचं नाव घेऊन काजूखाली! त्याच्या थडग्यावर दर नाताळला फुलं वाहिली होती महिपतने. आता या घटकेला तो बाप समोर उभा असता तर महिपतने त्याला धरून बुकलला असता. चाळीस वर्षं चुकीच्या माणसावर रागावलो. सगळा राग फुकट गेला आणि नवा राग कुणावर काढायचा तर तो मातीत.

“तुला मिळत होता ना रं?” आईने विचारलं. फूल पडलेले डोळे तिने त्याच्या आवाजाच्या दिशेला धरले होते. “मी कदी मागं वळून बघितलं नाय. बघितलं असतं तर पाय निघाला नसता माझा. पण पान न्हेलेलं असायचं दुसऱ्या दिवशी. तेवढ्यावर मी ऱ्हायले. खात होतास ना?”

सांगून टाकावं, असं त्याच्या जिभेवर आलं. इतकी वर्षं सगळ्यांनी सारवलं, आता एकदा तरी ओबडधोबड खरं बोलावं. तुझा एक घास माझ्या तोंडात पडला नाही, आये. नवऱ्यानं खाल्लान. त्याने तोंड उघडलं. ती पदराला हात पुसत होती, पुसून झालेले तरी पुसत होती.

“खात होतो,” महिपत म्हणाला. “रोज.”

“मीठ बरोबर असायचं?” तिने लगेच विचारलं. “घाईत घालायची मी. तुला अळणी चालत नसे.”

“बरोबर असायचं.”

ती उठली, गुडघ्यावर हात देऊन, आणि सावकाश घरात गेली. महिपतने खिशातली गुंडाळी काढली, गडग्याच्या सपाट चिऱ्यावर पसरली आणि पेन्सिल काढली. राग काही गेला नव्हता. पोराचा भात रोज बापाने खाल्ला असं लिहिलं, तर महिन्याभराने शाळेतला मास्तर ते वाडीला वाचून दाखवील, आणि ही पुढे बसून ऐकेल, आणि त्यालाही आंबे देईल. ते होणं शक्य नव्हतं. त्याने तिसरं पान काढलं. ‘पाषाणहृदयी’वर अशी रेघ मारली की कागद फाटला. ‘दार लावून घेतलं’ ठेवलं. त्याच्या पुढचं खोडलं आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं: ‘परंतु त्याची पत्नी हौसा रोज दुपारी आपल्या ताटातला भात आपल्या पाच वर्षांच्या मुलासाठी गडग्यावर ठेवी, आणि मुलगा तो पोटभर खाई.’ वाचून पाहिलं. साफ खोटं. त्याने आजवर लिहिलेल्या सगळ्यांत गुळगुळीत. मग त्याने अकरावं पान काढलं. रावजीला हिवताप भरला असता गडग्यावरचा भात खाऊन त्याने दिवस काढले. पेन्सिल ओळीवर टेकलेली राहिली. मुलगा पोटभर खात होता, तर मग बापाने खाल्ला तो कुणाचा? वाडीत कुणाच्या ध्यानात येणार नाही. आईच्या तर नाहीच. पण पन्नास वर्षांनी कुणीतरी येईल, असाच तिशीतला, मराठी पुस्तकातून शिकलेला, फळ्यावर खाने आखणारा. तो ही दोन पानं शेजारी शेजारी ठेवील आणि विचारील. विचारू दे भडव्याला. विचारायलाच पाहिजे कुणीतरी.

आई परत आली. हातात केळीचं पान होतं, दुपारचा उरलेला भात, वर जरासं आमसोलाचं पाणी. तिने ते गडग्यावर चाचपडत ठेवलं, कडेवर दगड ठेवला आणि सवयीने दोन पावलं मागे सरली. या वेळी पाठ मात्र फिरवली नाही. महिपतने प्रुफांची गुंडाळी केली. अकराव्या पानाला त्याने हात लावला नव्हता. मग तो उभ्यानेच जेवला. भातात मीठ नव्हतं.